टाकीतलं पाणी ओसरीवरून मोजा

सभासद बंधू-भगिनींनो,

ऊस आपला, मोटर आपली, टाकीही आपण कर्ज काढून बांधलेली. पण त्या टाकीत या घटकेला पाणी किती आहे, हे तिथं गेल्याशिवाय आपल्याला सांगता येत नाही. दिवसाउजेडी याचं काही वाटत नाही. जाता-येता टाकीवर चढून डोकावलं की झालं. प्रश्न रात्रीचा आहे. शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस रात्री असते. मध्यरात्री लाईट आली की घरातला एक माणूस उठतो, बॅटरी आणि काठी घेतो, आणि उसाच्या बांधाने टाकीकडे चालू लागतो. बऱ्याच घरांत हा माणूस म्हणजे शाळा-कॉलेजात जाणारा पोरगा असतो. "जा रं, टाकी भरली का बघून ये," एवढं सांगून आपण कूस बदलतो.

पूर्वी या वाटेवर साप-किरडू आणि विंचवाचं भय होतं. आता बिबट्या आहे. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि आपला शिरूर असे चार तालुके येतात. इथला बिबट्या डोंगरातून चुकून आलेला पाहुणा राहिलेला नाही. तो उसातच राहतो आणि मादी उसातच पिल्ले घालते. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, त्यांत लहान मुलेही होती. भीमेकाठी दौंड तालुक्यातही आता बिबट्याची वार्ता नवी नाही. अशा दिवसांत नुसती टाकी बघण्यासाठी माणूस रात्री उसात पाठवणे हे आता थांबलेच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ते थांबवण्याचा उपाय आपल्या आवाक्यातला आहे. टाकीच्या तळाशी पाण्याचा दाब ओळखणारा एक सेन्सर, घराच्या ओसरीवर आकडा दाखवणारे एक पॅनेल मीटर, आणि दोघांना जोडणारी दोन पदरी तार. बस, एवढेच.

मोटर घरून चालू-बंद करण्याची सोय आपल्याकडे केव्हाच आली. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी मोबाईलवरून पंप चालवण्याचे 'नॅनो गणेश' नावाचे यंत्र तयार केले. त्यांच्या आजोबांना रात्री-अपरात्री पंपासाठी शेतात जावे लागे, त्यातून ही कल्पना निघाली. २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत या यंत्राला बक्षीसही मिळाले. आज मोबाईल स्टार्टर गावोगावी दिसतात. पण मोटर चालू करायची की नको, हे ज्यावर ठरते तो आकडा अजून उसातच पडून आहे. टाकी भरलेली असताना मोटर चालू राहिली तर पाणी वरून वाहून जाते, वीज फुकट जाते, शेजाऱ्याच्या बांधाला ओल लागून भांडण होते ते वेगळेच. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशातली गत.

आता हे यंत्र चालते कसे ते पाहू, कारण जी वस्तू समजत नाही ती आपण दुकानदाराच्या जिभेवर विकत घेतो.

पाण्याचा तळावरचा दाब फक्त पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो. टाकी गोल असो की चौकोनी, अरुंद असो की एकरभर पसरलेली. दहा मीटर उंच पाणी असेल तर तळाशी दर चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलो दाब पडतो. म्हणजे एक मीटर पाण्याला शंभर ग्रॅम. हा हिशोब निसर्गाचा आहे, तो कोणाच्या सांगण्याने बदलत नाही. सेन्सरच्या तोंडाशी धातूचा पातळ पडदा असतो. पाण्याच्या दाबाने तो केसाहून कमी का होईना, पण वाकतो, आणि त्या वाकण्याचे विजेच्या खुणेत रूपांतर होते.

हे तंत्र आपल्याला परके नाही. आपली उसाची गाडी ज्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढते, त्या काट्याखाली लोड सेल असतात. वजनाने धातू किंचित दबतो आणि तेवढ्यावरून टनांचा आकडा उमटतो. तत्त्व तेच. वर्षभराच्या कष्टाचे मोल आपण ज्या तंत्रावर सोडतो, त्यावर टाकीभर पाणी सोडायला कचरण्याचे कारण नाही.

सेन्सरकडून मीटरकडे जाणारी खूण ही ४ ते २० मिलिअँपिअर इतक्या बारीक विद्युतप्रवाहाची असते. समजा सेन्सर ० ते ४ मीटरचा आहे. टाकी रिकामी असली की ४ मिलिअँपिअर, २ मीटर पाणी असले की १२, आणि ४ मीटर भरली की २०. पुष्कळांना प्रश्न पडतो की रिकाम्या टाकीला शून्य का नाही? त्यात मोठे शहाणपण आहे. शून्य म्हणजे तार तुटली. उंदराने कुरतडली, नांगराच्या फाळाने ओढली किंवा कोणी कापून नेली, तर प्रवाह शून्यावर येतो आणि मीटर बिघाड दाखवते. रिकामी टाकी आणि तुटलेली तार यांतला फरक ज्या यंत्राला कळतो, त्यावर विश्वास टाकता येतो. दुसरे असे की प्रवाह तारेच्या एका टोकाला जेवढा तेवढाच दुसऱ्या टोकाला असतो, त्यामुळे टाकी घरापासून पाचशे मीटरवर असली तरी आकड्यात खोट येत नाही. आणि तिसरी गोष्ट आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाची: अशा दोन तारांच्या सेन्सरला लागणारी थोडीशी वीज त्याच तारांतून घरून जाते. टाकीपाशी वीज लागतच नाही. शेतीची लाईट गेलेली असली, पण घरचा दिवा चालू असला, तरी आकडा दिसत राहतो.

मीटरला एकदा सांगून ठेवले की ते मीटर-सेंटीमीटरऐवजी थेट लिटरही दाखवते. पाच मीटर व्यासाच्या गोल टाकीत एक सेंटीमीटर पाणी म्हणजे सुमारे १९६ लिटर, आणि एक मीटर म्हणजे १९,६०० लिटरच्या आसपास. उभ्या भिंतीच्या टाकीला हा गुणाकार पुरतो. शेततळ्याला मात्र पुरत नाही, आणि तिथे पुष्कळ जण फसतात. तीस बाय तीस मीटरचे, तीन मीटर खोल आणि एकास एक उताराचे शेततळे घ्या. ते काठोकाठ भरले तर सुमारे २१ लाख ९६ हजार लिटर पाणी बसते. पण पाणी निम्म्या खोलीवर, म्हणजे दीड मीटरवर आले की आत राहते फक्त पावणेदहा लाख लिटरच्या आसपास. निम्मी खोली म्हणजे निम्मे पाणी नव्हे, शंभरातले चव्वेचाळीसच. ज्याने निम्म्या खोलीवर निम्म्या पाण्याचा हिशोब धरून मे महिन्याच्या पाळ्या ठरवल्या, त्याचा खोडवा शेवटच्या पाळीला वाळलाच म्हणून समजा. शेततळ्यासाठी खोलीप्रमाणे लिटरचा तक्ता करून मीटरशेजारी चिकटवावा.

आकडा ओसरीवर आला की त्याचे आणखी उपयोग आपोआप सुचतात. मोटर तासाला तीस हजार लिटर पाणी टाकत असेल, तर वर सांगितलेल्या पाच मीटरच्या टाकीत पाणी मिनिटाला अडीच सेंटीमीटर चढले पाहिजे. एखाद्या दिवशी दीडच चढले, तर कुठे तरी पाणी मुरते आहे. फूटव्हॉल्व्ह गळत असेल, व्होल्टेज कमी असेल, नाही तर पाइपलाइन फुटून शेजाऱ्याच्या उसाला फुकटची पाळी मिळत असेल. रात्री सगळे कॉक बंद असताना पातळी उतरली तर टाकीला तडा आहे. कडक उन्हाळ्यात शेततळ्यातले पाणी वाफ होऊन दिवसाला सेंटीमीटरच्या आसपास उतरतेच. त्याहून बरेच जास्त उतरू लागले तर कागद फाटला समजावे. हे सगळे चार आण्याच्या वहीत रोज सकाळ-संध्याकाळ एक आकडा लिहून ठेवला तर कळते. न लिहिलेला आकडा बघितला काय अन् न बघितला काय, सारखेच.

आता काही सभासद म्हणतील, आमच्याकडे फ्लोट आहे, टाकी भरली की मोटर आपोआप बंद होते; मग मीटर कशाला? फ्लोट जरूर ठेवावा, तो चांगला राखणदार आहे. पण त्याला दोनच शब्द येतात, भरली आणि रिकामी. मधले काही सांगता येत नाही. ठिबकवाल्याला मधलेच हवे असते: सध्याच्या पाण्यात किती प्लॉट भिजतील, सकाळी लाईट येईपर्यंत पुरेल का. आणि फ्लोट अडकला, तर तो अडकला हेही तो सांगत नाही. दुसरे कोणी म्हणतील, टाकीला बाहेरून पारदर्शक नळी लावली की पातळी दिसते. दिसते, खरे आहे, आणि खर्चही नाही. पण नळीत शेवाळ धरते, आणि ती बघायला पुन्हा टाकीपाशीच जावे लागते. आमचा सारा कटाक्ष तर आकडा माणसापाशी आणण्यावर आहे. वरून आवाजाच्या लहरी सोडून पातळी मोजणारे सेन्सरही मिळतात. पण कोळ्याचे जाळे, वाफ, वरून पडणाऱ्या पाण्याच्या धारा यांनी ते गोंधळतात. तळाशी बसलेल्या दाबाच्या सेन्सरला फेस, लाटा, अंधार यांचे काही देणेघेणे नसते.

घेताना मात्र चार गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, मोजमापाचा पल्ला. बाजारात ० ते १० बारचा सेन्सर सहज मिळतो. दहा बार म्हणजे शंभर मीटर पाणी. अर्ध्या टक्क्याची चूक शंभर मीटरवर पन्नास सेंटीमीटर होते, आणि ० ते ४ मीटरच्या सेन्सरवर फक्त दोन. स्वस्त पडतो म्हणून मोठ्या पल्ल्याचा सेन्सर तीन मीटरच्या टाकीत टाकणे म्हणजे उसाच्या काट्यावर हळद तोलणे. दुसरी, टाकीत सोडायच्या सेन्सरच्या तारेत हवेची बारीक नळी असते. हवेचा दाब ऋतूप्रमाणे बदलतो, तो वजा व्हावा म्हणून ही नळी. तिचे तोंड कोरड्या डबीत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांसह ठेवावे. तिच्यात पाणी गेले की आकडा भलतीकडे जातो. तिसरी, सेन्सर गाळात पुरू नये. भोके पाडलेल्या पीव्हीसी पाइपात, तळापासून वीतभर वर तो टांगावा. तेवढे वीतभर पाणी हिशोबात धरायला विसरू नये. आणि तो टाकीतून निघणाऱ्या पाइपावर बसवू नये, कारण पाणी वाहू लागले की तिथला दाब उतरतो आणि टाकी भरलेली असतानाही कमी दिसते. चौथी, वळवाच्या विजा. आपल्याकडे मे-जूनमध्ये कडकडाट कसा होतो ते सांगायला नको. अर्थिंग चांगले करावे आणि तारेच्या दोन्ही टोकांना विजेपासून रक्षण करणारे सर्ज अरेस्टर बसवावे. तार जमिनीखालून पाइपात घालून न्यावी. नदीकाठच्या मोटारींच्या केबली चोरणाऱ्यांनी आपल्याला तेवढे शहाणपण शिकवलेच आहे.

शेवटची गोष्ट ही यंत्राची नसून आपली आहे. वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. आपल्या टाकीच्या मीटरवर कोणाचा शिक्का नसणार. तेव्हा पाडव्याला आणि दसऱ्याला, वर्षातून दोनदा, काठीला खुणा करून ती टाकीत उभी बुडवावी आणि मीटरच्या आकड्याशी ताडून बघावी. आपल्या वाडवडिलांनी विहिरीचे पाणी परसांत मोजले, ते काही अडाणी नव्हते. काठी आणि मीटर यांचे जमले तर मीटर खरे. न जमले तर काठी खरी.

एवढा वेळ घरच्या टाकीचे बोललो. पण हाच न्याय आपल्या सहकारी उपसा सिंचन योजनांना लागू करावा, असे आम्हांला वाटते. भीमा-घोडच्या काठावरून पाणी उचलून माळावरच्या डिलिव्हरी टाकीत टाकायचे आणि तिथून पाळीप्रमाणे वाटायचे, ही सामुदायिक योजनांची रीत. वीजबिल सगळ्यांच्या माथी, पण टाकीत पाणी किती चढले हे ठाऊक असते एकट्या ऑपरेटरला. टेलच्या सभासदाला सांगितले जाते, "आज लाईटच नव्हती, पाणी चढलंच नाही." खरे असेलही. पण ते खरे आहे हे त्याला कळायचे कसे? इथून संशय सुरू होतो, आणि संशयाने जेवढ्या संस्था मोडल्या तेवढ्या दुष्काळानेही मोडल्या नसतील. अशा टाकीचे मीटर ऑपरेटरच्या खोलीत कुलपाआड ठेवू नये. मोठ्या आकड्यांचे घेऊन ते संस्थेच्या कचेरीबाहेर किंवा चावडीसमोर, रस्त्याने जाणाऱ्याला दिसेल असे लावावे. काट्याचा आकडा गाडीवानाला दिसला पाहिजे, हा आग्रह आपण धरतोच ना? मग टाकीचा आकडा टेलवाल्याला दिसू नये, हे कुठल्या सहकारात बसते? यात प्रामाणिक ऑपरेटरचाही फायदाच आहे. त्याला रोज कोणापुढे शपथा खायला नकोत.

नदीच्या बाबतीत हे आपण मान्य केलेलेच आहे. पावसाळ्यात दौंडला भीमेचा विसर्ग किती हजार क्युसेक आहे, हा आकडा खालच्या सगळ्या गावांत पोचतो. उजनीत पाणी किती येणार याचा अंदाज त्यावर बांधला जातो, आणि पंढरपुरात वाळवंटातली माणसे आणि दुकाने केव्हा हलवायची याची तयारीही. दौंडच्या पुलावर कोणी पंढरपूरकर येऊन उभा राहत नाही. आकडाच त्याच्याकडे जातो. मोठ्या नदीला जे जमते ते आपल्या टाकीला न जमायला काय झाले?

मीटर लावले म्हणून बिबट्या जाणार नाही, हे आम्हांलाही कळते. दारं धरायला, कॉक फिरवायला माणसाला शेतात जावेच लागेल. शेतीला दिवसा वीज मिळाली पाहिजे, ही मागणी खरी आणि मुळातली आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्याचसाठी निघाली, आणि तिचे काम आपल्या भागात लवकर पुरे व्हावे म्हणून आपण पाठ धरलीच पाहिजे. पण ती वीज येईपर्यंत रात्रीच्या चार खेपांतल्या दोन-तीन खेपा नुसत्या 'बघून येण्याच्या' असतात, त्या तरी आजच वाचवता येतील. वाचलेल्या खेपेचा हिशोब कोणत्याही वहीत लिहिला जात नाही, पण तो घरच्या माउलीला विचारावा. पोरगा परत येईपर्यंत ती जागीच असते.

म्हणून आमची सूचना अशी की, कारखान्याच्या शेतकी खात्याने प्रत्येक गटात एका सभासदाच्या टाकीवर आणि एका उपसा सिंचन संस्थेच्या टाकीवर असे मीटर नमुन्यादाखल बसवावे. एक संपूर्ण हंगाम, पावसाळा धरून, त्याचे आकडे वहीत ठेवून ते सर्वांना बघायला खुले करावेत. आयटीआय शिकलेल्या आपल्याच गावच्या मुलांना जोडणी आणि दुरुस्ती शिकवावी, म्हणजे दोन तारांच्या कामासाठी पुण्याची वाट धरावी लागणार नाही. नमुना पटला तर ज्यांना हवे त्यांनी एकत्र मागणी करून तीन ठिकाणची कोटेशने मागवावीत. एकट्यादुकट्याला जो भाव मिळत नाही तो शंभरांना मिळतो, सहकार त्यासाठीच आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय आम्ही मांडणारच आहोत. त्याआधी गटाच्या बैठकीत सभासदांनी आपली मते सांगावीत, विरोधी असली तरी सांगावीत. आणि तोवर निदान एवढे करावे: आज रात्री टाकी बघायला कोणाला पाठवण्याआधी, ती खेप खरोखर लागते का, हे एकदा विचारून बघावे.

कळावे, लोभ असावा.

— एक ऊस उत्पादक सभासद